गमबूट पायात यावेत म्हणून : बाक, काढणी आणि खुंट्या



आम्ही सिंधुदुर्गातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. भातशेती करणाऱ्या, काजूच्या बागेत जाणाऱ्या, गोठा बघणाऱ्या. आज आम्ही एका बाकाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बाकाबद्दल काय बोलायचं? पण हा बाक बूट घालायचा आणि काढायचा आहे. आणि बुटाचा संबंध थेट आपल्या पायाशी, म्हणजे जिवाशी आहे.

आमच्या गटाच्या बैठकीत विषय निघाला तो असा. गमबूट किती घरांत आहेत? बऱ्याच घरांत निघाले. बायकांच्या पायात किती वेळा असतात? तिथं सगळ्या गप्प झाल्या. बूट माळ्यावर, पडवीच्या कोपऱ्यात, नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकलेले. कारण विचारलं तर एक काकी म्हणाल्या, "माका वाकूक होणा नाय. आणि काढूक दोन माणसा लागतत."

हे एकच वाक्य आम्हाला पुरलं. बूट महाग म्हणून राहिलेत असं नाही, आळस म्हणूनही नाही. उभ्याने एका पायावर तोल सांभाळत रबरी बूट ओढायचा, साडीचा काठ आत अडकवायचा नाही, गुडघा दुखतोय, खाली ओलं आहे. संध्याकाळी तर पाय घामाने नाहीतर पाण्याने भिजलेला असतो. ओला पाय बुटाच्या आत चिकटतो, टाचेखाली हवा शिरत नाही, आणि बूट सुटता सुटत नाही. मग बाई दुसऱ्या दिवशी म्हणते, जाऊ दे, चपलेवर जाते. नाहीतर अनवाणी.

आता हे अनवाणी जाणं किती महाग पडतं ते पाहू. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. हेच महिने आपले शेतातले. आणि बहुतेक दंश होतात ते पायाला, घोट्याच्या आसपास. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप आपल्याकडे मुख्य. कोकणात फुरशाची ओळख कुणाला करून द्यायला नको. फुरसं लहान, मातीच्या रंगाचं, दगडाच्या कडेला आणि पातेऱ्यात बसलेलं. ते पळत नाही, आपला पाय त्याच्यावर पडतो.

दुसरा धोका लेप्टोचा. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून ते जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. पायाला भेग असेल, काटा लागलेला असेल, पाण्यात राहून कातडी मऊ पडली असेल, तर तिथून आत शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं. साधा ताप म्हणून घरी काढला तर काविळीवर आणि मूत्रपिंडावर जाऊ शकतो. तिसरा धोका विंचवाचा. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तो बुटाच्या आतच बसलेला असू शकतो.

आता एक गोष्ट सरळ सांगायला हवी. गमबूट सगळ्या कामाला चालत नाही. लावणीच्या चिखलात, जिथं पाय पोटरीपर्यंत रुततो, तिथं बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. तिथं बुटाचा हट्ट धरू नका. तिथं पायावरची जखम नीट बांधून जा, आणि लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला विचारा. पण लावणी म्हणजे सगळं वर्ष नव्हे. शेताकडे जाणारी गवताची वाट, बांधावरचं गवत कापणं, गोठा काढणं, काजूच्या पातेऱ्यातून बिया वेचणं, माडापोफळीला पाणी लावणं, फाटी आणणं, काळोखातून परतणं, या सगळ्याला बूट चालतो. म्हणजे वर्षातले जास्त दिवस.

तर आम्ही ठरवलं, बूट पायात यायचे असतील तर आधी बसायला जागा हवी. त्यासाठी तीन वस्तू केल्या. एक बाक, एक बूट काढायची फळी, आणि बूट उलटे टांगायच्या खुंट्या. फळीला आम्ही 'काढणी' म्हणतो. भाताची काढणी कोयत्याने, बुटाची काढणी फळीने.

आधी जागा. बाक पडवीत किंवा मागल्या दारी ठेवा, जिथून तुम्ही शेताला निघता. वर छप्पर हवं, नाहीतर पावसात बाक भिजेल आणि मग कोणी बसणार नाही. जवळ पाणी हवं, चिखल धुवायला. आणि हाताच्या अंतरावर पडवीचा खांब असला तर फार उत्तम, धरून उठता येतं. खांब नसेल तर जाड माणगा किंवा वासा दोन फूट जमिनीत आणि तीन फूट वर असा पुरा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बाकापेक्षा या खांबाचा आधार जास्त.

मग माप. माप टेपने घेऊ नका, आपल्या पायाने घ्या. बूट घालून उभं राहायचं. दुसरीने सुतळी धरायची, गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत. ती सुतळी म्हणजे बाकाची उंची. गुडघे दुखत असतील तर त्यावर दोन बोटं जास्त. आमच्याकडे ती बहुतेक बायकांची सोळा ते अठरा इंच भरली. घरात सासू आणि सून दोघी बसणार असतील तर सासूचं माप धरा. तरुण माणसाला उंच बाक चालतो, पण दुखऱ्या गुडघ्याला बुटका बाक चालत नाही.

आता बाक. कोकणात आम्हाला सोपं आहे, चिरा आहे. चार चिरे घ्या, दोनावर दोन असे दोन पाय करा. चिऱ्याची मापं खाणीखाणीला थोडी बदलतात, म्हणून आधी मोजा. चिरा आडवा ठेवायचा की उभा, हे तुमच्या सुतळीच्या मापावर ठरवा. फळीची जाडी त्यात धरायला विसरू नका. खालचा चिरा एक इंच जमिनीत बसवा आणि वरचा सिमेंटच्या मालावर टेकवा. नुसता रचलेला चिरा हलतो, आणि हलणाऱ्या बाकावर एक पाय उचलून बसणं म्हणजे पडण्याचं आमंत्रण. चिऱ्याचा आणखी एक फायदा, लाकूड जमिनीला टेकत नाही, त्यामुळे वाळवी लवकर लागत नाही. पण महिन्यातून एकदा चिऱ्यावर वाळवीची मातीची नळी चढली आहे का ते बघा आणि खरवडून काढा.

वरची फळी साडेतीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड इंच जाड. फणसाचं लाकूड मिळालं तर चांगलं. आकेशिया आता गावोगाव आहे, तोही चालतो, पण ओला कापलेला घेऊ नका, पिळवटतो. चिरे फळीच्या अगदी टोकांखाली यायला हवेत. चिरे आत घेतले आणि फळी बाहेर लोंबती राहिली, तर टोकावर बसणाऱ्या बाईचा बाक उलटतो. फळीच्या खालच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्या ठोका, दोन्हीकडच्या चिऱ्यांना आतून लागतील अशा. म्हणजे फळी सरकत नाही, आणि धुवायला उचलूनही घेता येते.

फळीच्या कडा कानशीने गोल करा. साडी अडकत नाही आणि मांडीला टोचत नाही. वरून जवसाचं तेल दोन हात द्या. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला वाळवीपासून राखतं हे खरं, पण ते कातडी जाळतं. बसायच्या फळीला ते अजिबात लावू नका.

ज्यांच्याकडे चिरा नाही, घाटावर, विदर्भात, तिथल्या मैत्रिणींनी विटांचे पाय बांधावेत, नाहीतर जुन्या पलंगाचे, जुन्या टेबलाचे मजबूत पाय वापरावेत. उसाच्या फडात जाणाऱ्या आणि भंडारा-गोंदियाकडे धान लावणाऱ्या बायांना हे सगळं आमच्याइतकंच लागू आहे.

बाकासमोर एक पाट ठेवा. जेवायचा जुना पाट चालतो. एक पाय पाटावर ठेवला की गुडघा वर येतो, आणि बुटाचा काठ हाताला लागतो. वाकावं लागत नाही.

आता काढणी. हीच खरी कामाची वस्तू. दीड फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी घ्या. तिच्या एका टोकाला बुटाच्या टाचेला धरेल अशी खाच करायची. ज्याचा बूट, त्याची टाच. बुटाची टाच फळीच्या टोकावर ठेवा आणि पेन्सिलीने बाहेरून रेघ मारा. तोंडाशी खाच रेघेपेक्षा थोडी रुंद, आत थोडी अरुंद, आणि खोली तीन इंच. साधारण इंग्रजी यू अक्षरासारखी. करवतीने दोन बाजू तिरप्या कापा, मधला भाग पटाशीने काढा, कानशीने गुळगुळीत करा. नंतर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी खाचेच्या आत चुकांनी ठोका. चुकांची डोकी नीट आत बसवा, वर राहिली तर बुटाचं रबर फाटतं. ट्यूबमुळे टाच घट्ट धरली जाते.

मग फळी उलटी करा. खाच संपते तिथून एक इंच मागे, आडवी दोन इंच उंच पट्टी बसवा. तिथं खिळे नकोत, स्क्रू हवेत, आणि आधी गिरमिटाने भोकं पाडा. खाचेच्या दोन्ही बाजूंना लाकूड कमी राहिलेलं असतं, खिळा मारला तर तिथंच चीर जाते. ही पट्टी लागली की खाचेचं टोक वर उचललेलं राहतं आणि मागचं टोक जमिनीला टेकतं. मागच्या टोकाच्या खालीही ट्यूबचा तुकडा लावा, म्हणजे फरशीवर घसरत नाही.

वापरायची कशी? बाकावर बसा. आधी बुटावर पाणी मारून चिखल घालवा. काढणी समोर. डावा पाय काढणीच्या मागच्या टोकावर दाबून ठेवा. उजव्या बुटाची टाच खाचेत अडकवा. हाताने खांब धरा, बुटाचा चवडा थोडा वर करा, आणि गुडघा आपल्याकडे ओढा. टाच सुटली की आत हवा शिरते, आणि पाय आपोआप बाहेर येतो. मग मोकळ्या पायाखाली गोणपाट टाका आणि दुसरा बूट तसाच. हात चिखलात जात नाहीत, कुणाला हाक मारावी लागत नाही, कंबर वाकत नाही. ज्या काकी दोन माणसं लागतात म्हणाल्या होत्या, त्या आता एकट्या बूट काढतात आणि वर आम्हालाच शिकवतात.

तिसरी वस्तू खुंट्या. एका लाकडी पट्टीला गिरमिटाने तिरपी भोकं पाडा आणि त्यात फूटभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड सरळ काठ्या वरच्या दिशेला कलत्या बसवा. दोन खुंट्यांमध्ये सहा इंचांचं अंतर. पट्टी भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर. बूट धुवून त्यावर उलटे घाला. पाणी निथळतं, बूट आतून सुकतो, वास येत नाही, आणि आत कोणी राहायला येत नाही.

'कोणी' म्हणजे विंचू, गोम, बेडूक, कधी सापाचं पिल्लूसुद्धा. जमिनीवर उभा ठेवलेला बूट म्हणजे त्यांचं तयार घर. कोकणातल्या लाल विंचवाचं विष किती जहाल, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी आयुष्यभर अभ्यासलं. रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशात जीव वाचवते हे त्यांनी कोकणातल्या रुग्णांवर काम करून दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे हे खरं, पण दंशच झाला नाही तर अधिक बरं. म्हणून खुंटीवरचा बूटसुद्धा घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटा. हात आत घालून चाचपू नका. मुलांनाही हीच सवय लावा.

बूट घालतानाच्या दोन-तीन गोष्टी. पाय कोरडा पुसा आणि सुती मोजा घाला, मोज्याने बूट चढतोही सहज आणि सुटतोही सहज. पैंजण काढून ठेवा, बुटात ते घासतं आणि जखम होते, आणि जखम म्हणजे लेप्टोला दार. साडी पोटरीच्या वर खोचा, काठ बुटात घालू नका, ओला काठ पाणी आत खेचतो. आणि बूट आपल्या मापाचा हवा. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा, टाच जरा हलेल इतकाच सैल. मोठा बूट अडखळवतो.

इथे आम्हाला एक प्रश्न सगळ्यांना विचारायचा आहे. तुमच्या घरी बूट आहेत ते कुणाच्या मापाचे? आमच्या बैठकीत कळलं की बहुतेक घरांत एकच जोड, आणि तो घरधन्याच्या पायाचा. गवत कापायला बाई, गोठ्यात बाई, फाट्यांना बाई, आणि बूट मात्र पुरुषांच्या नऊ नंबरचा. दुकानात चार-पाच नंबर मागितला तर दुकानदार म्हणतो, आणत नाही, खप नाही. एकेकटीने मागितलं तर तो आणणार नाही. आम्ही गटाने मिळून यादी दिली, कुणाचा चार, कुणाचा पाच, कुणाचा सहा. एकदम इतके जोड म्हटल्यावर त्याने मागवले. तुम्हीही असंच करा. आणि खुंट्या करताना घरात जितकी माणसं शेतात जातात तितक्या जोडांच्या करा. भिंतीवर रिकामी खुंटी दिसली की घरात प्रश्न निघतो, ही कुणाची? आमच्या दोन-तीन घरांत सुनेचा बूट असाच आला.

खर्चाचं सांगतो. लाकूड घरचं, चिरे घर बांधून उरलेले, ट्यूब सायकलवाल्याकडची टाकाऊ. स्क्रू, चुका, थोडं सिमेंट आणि तेल मिळून आम्हाला बाकामागे अडीचशे रुपयांच्या आत पडलं. सगळं विकत घ्यावं लागलं तर जास्त पडेल. हत्यारं प्रत्येकीने घेण्याची गरज नाही. एक करवत, एक पटाशी, एक कानस, एक गिरमिट गटाचं ठेवा. पहिला बाक गावच्या सुतारदादांना सोबत घेऊन करा, पुढचे आपण करू शकतो. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी करवत पहिल्यांदाच हातात धरली. सरळ कापायला दोन दिवस लागले, पण हात बसला.

बूट असूनही साप चावलाच तर काय करायचं, हे सांगितल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. बाईला शांत बसवा, चालायला लावू नका. पाय हलणार नाही असा काठीचा आधार द्या. बूट, पैंजण, जोडवी लगेच काढा, कारण सूज आली की ती पायात रुततात. दोरीने आवळू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. सापाच्या मागे जाऊ नका. १०८ ला फोन करा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस दवाखान्यातच मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मैत्रिणींनो, घरात आपण देवाला चौरंग करतो, पाहुण्याला खुर्ची ठेवतो. दिवसभर चिखलातून चालणाऱ्या आपल्या पायांसाठी एक बाक करायला काय हरकत आहे? येत्या बैठकीला दोन कामं करा. एक, गटातल्या सगळ्यांच्या पायाच्या मापांची यादी. दोन, कुणाच्या घरी फळी आहे आणि कुणाच्या घरी चिरे किंवा विटा, याची यादी. पेरणीआधी पहिला बाक उभा करा, आणि एकीचा झाला की सगळ्यांनी मिळून दुसरीचा.

पाय सांभाळा, बूट आपटूनच घाला. नमस्कार.